बंगळूरचे ‘अमृत’ आणि स्कॉटलंडची कसोटी

मद्याच्या दुकानातल्या फळीवर नुसती नजर टाकली, तरी एक गंमत लक्षात येते. बाटल्या भारतीय, कारखाने भारतीय, पिणारेही भारतीय. पण नावे मात्र सगळी साहेबाची! कुठे एखाद्या स्कॉटिश सरदाराचे नाव, कुठे धुक्यातले डोंगर, कुठे शिंगे उगारलेले हरीण. व्हिस्की म्हणजे स्कॉटलंड ही समजूत इतकी पक्की, की आपल्या मातीत तयार झालेल्या मालालाही साहेबाचा कोट घातल्याशिवाय गिऱ्हाईक मिळणार नाही, अशी कारखानदारांची खात्रीच होती.

अशा या बाजारातून बंगळूरच्या एका कंपनीने २००४ साली एक धाडस केले. आपली व्हिस्की तिने थेट स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात नेली आणि बाटलीवर नाव ठेवले ‘अमृत’. कंपनीचे मालक जगदाळे. आडनाव वाचून मराठी वाचकांचे कान टवकारले असतील, तर नवल नाही!

म्हैसूर रस्त्यावरचे कंबीपुरा

बंगळूर आणि मराठी माणूस यांचे नाते जुने आहे. १६३८ साली हे शहर विजापूर दरबाराच्या ताब्यात आले आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. १६८७ मध्ये ते म्हैसूरच्या वोडेयरांकडे गेले, तोवर जवळजवळ पन्नास वर्षे इथे भोसल्यांचा अंमल होता. पुढे म्हैसूर संस्थानाच्या काळात, १८९२ साली, जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेला आखीव रस्त्यांची एक नवी वसाहत उभी राहिली. महाराजा चामराजेंद्र वोडेयर यांच्या नावावरून तिचे नाव पडले चामराजपेट.

या चामराजपेटच्या सिरसी सर्कलपासून म्हैसूर रस्ता धरावा. दाट वस्ती मागे पडते, केंगेरी येते आणि शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर कंबीपुरा लागते. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या आसपास उंचीवर असलेल्या या गावातच ‘अमृत’ची भट्टी आहे.

कंपनीची स्थापना स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली झाली. संस्थापक राधाकृष्ण जगदाळे. सुरुवातीचे काम होते मद्याचे मिश्रण करून ते बाटल्यांत भरण्याचे. १९४९ मध्ये ‘सिल्व्हर कप’ ही ब्रँडी बाजारात आली. लष्कराच्या कँटीनमध्ये माल जाऊ लागला आणि कंपनीचा जम बसला. १९७६ साली राधाकृष्ण यांचे निधन झाले आणि सूत्रे त्यांचे चिरंजीव नीळकंठ जगदाळे यांच्याकडे आली. ‘अमृत’ची खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

मळी की सातू?

ही गोष्ट समजून घ्यायची तर आधी एक भेद माहीत हवा. साखर कारखान्यात उसाच्या रसापासून साखर वेगळी केल्यावर जी काळी, दाट मळी उरते, तिच्यापासून मद्यार्क बनतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला नको. भारतात ‘व्हिस्की’ या नावाने खपणारे बरेचसे मद्य या मद्यार्कातूनच तयार होते. चवीपुरते त्यात थोडे माल्ट मिसळतात. युरोपच्या कायद्याला मात्र हे मंजूर नाही. तिथे व्हिस्की धान्याचीच असावी लागते. मळीच्या मद्याला तिथे व्हिस्की म्हणताच येत नाही.

‘माल्ट’ हा शब्द भारदस्त वाटला, तरी त्यातली कृती आपल्या घरातलीच आहे. बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो आणि दळतो. माल्टसाठी तेच सातूचे, म्हणजे बार्लीचे करतात. मोड येताना दाण्यात पाचक द्रव्ये तयार होतात आणि त्यांच्यामुळे दाण्यातल्या पिठाची साखर होऊ शकते. हे दळलेले सातू गरम पाण्यात कालवून गोड रस काढतात. त्यात यीस्ट घालून दोनतीन दिवस आंबवतात आणि मग तांब्याच्या मोठ्या, गोल बुडाच्या भांड्यात उकळून त्याची वाफ थंड करतात. गोव्यात काजूची फेणी काढण्याचे तत्त्व हेच. माल्टची धार साधारणपणे दोनदा काढतात. धारेचा पहिला आणि शेवटचा भाग बाजूला सारून फक्त मधला भाग ठेवतात. तो ओक लाकडाच्या पिंपात भरला, की माणसाचे काम संपते आणि काळाचे सुरू होते.

एकाच भट्टीत, केवळ मोडाच्या सातूपासून अशा रीतीने तयार झालेली व्हिस्की म्हणजे ‘सिंगल माल्ट’. स्कॉटलंडमध्ये या कलेची सर्वात जुनी सरकारी नोंद १४९४ सालची आहे. जॉन कॉर नावाच्या एका धर्मबंधूला ‘जीवनजल’ बनवण्यासाठी माल्ट दिल्याचा उल्लेख तिथल्या राजाच्या हिशेबवहीत सापडतो. ‘व्हिस्की’ हा शब्दही तिथल्या गेलिक भाषेतल्या ‘जीवनाचे पाणी’ या अर्थाच्या शब्दांवरून आला. म्हणजे ‘अमृत’ या नावात स्कॉटलंडच्या मूळ कल्पनेचाच जणू भारतीय अनुवाद दडलेला आहे!

जगदाळ्यांच्या कारखान्यात माल्ट बनू लागले ते १९८०च्या दशकात. सातू येई उत्तर भारतातल्या शेतांतून. पण हे माल्ट स्वतंत्रपणे विकण्याची हिंमत तेव्हा कुणी करत नव्हते. उसाच्या मद्यार्कात ते मिसळून १९८६ मध्ये या कंपनीने एक व्हिस्की आणली. तिचे नाव होते ‘मॅकिन्टॉश’. पुढे ‘अमृत’ नावाचा झेंडा लावणाऱ्या घरालाही एकेकाळी साहेबाचाच कोट घालावा लागला होता!

या नावांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेले होते. बंगळूरच्याच खोडे कंपनीची ‘पीटर स्कॉट’ ही व्हिस्की १९६८ पासून बाजारात होती. ‘स्कॉट’ या शब्दाने गिऱ्हाइकाची दिशाभूल होते, अशी स्कॉटलंडच्या उत्पादक संघाची तक्रार होती. २००८ साली निकाल खोडे यांच्या बाजूने लागला. संघाने तक्रार करायला फार उशीर केला, हे त्याचे एक प्रमुख कारण.

उन्हाची घाई

पिंपात ठेवलेले माल्ट दर वर्षी थोडे थोडे हवेत उडून जाते. स्कॉटलंडमध्ये या घटीला मोठे काव्यमय नाव आहे: ‘देवदूतांचा वाटा’. तिथल्या थंड, ओलसर हवेत हा वाटा वर्षाला सुमारे दोन टक्के असतो. बंगळूरच्या हवेत तो दहा ते बारा टक्क्यांवर जातो! म्हणजे स्कॉटलंडचा माणूस जे पिंप बारा-पंधरा वर्षे निर्धास्तपणे कोठारात विसरून जाऊ शकतो, तेच इथे तितकी वर्षे ठेवले तर तळाशी चूळ भरण्यापुरतेही उरेल की नाही, याची शंका.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा उघड तोटा. पण या तोट्याची दुसरी बाजूही होती. उष्णतेमुळे मद्य लाकडात अधिक मुरते आणि लाकडाचा रंग, वास, गोडवा लवकर उतरतो. इथले एक वर्ष स्कॉटलंडच्या जवळजवळ तीन वर्षांच्या तोडीचे, असा कंपनीचा अनुभव. चार-पाच वर्षांच्या माल्टला तिथल्या बारा-पंधरा वर्षांच्या माल्टची प्रौढी येऊ लागली. लोणचे थंडीत मुरायला किती वेळ लागतो आणि उन्हात किती, हे माहीत असलेल्या गृहिणीला यात आश्चर्य वाटणार नाही!

अडचण होती ती गिऱ्हाइकाच्या मनातली. व्हिस्की जितकी जुनी तितकी चांगली, हे स्कॉटलंडने जगाला शिकवलेले गणित. बाटलीवर ‘१२’ किंवा ‘१८’ हा आकडा पाहून किंमत मोजणाऱ्या माणसाला, ‘आमची चार वर्षांचीच, पण चवीला पुरी आहे’ हे पटवायचे कसे?

ग्लासगोची परीक्षा

नीळकंठ जगदाळे यांचे चिरंजीव रक्षित २००१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे व्यवस्थापनाचे शिक्षण घेत होते. भारतीय सिंगल माल्ट ब्रिटनमध्ये विकता येईल का, याचा अभ्यास कर, असे वडिलांनी सुचवले. मुलाने तोच आपल्या प्रबंधाचा विषय केला. ब्रिटनमधल्या भारतीय उपाहारगृहांतून सुरुवात करावी, असा पहिला विचार होता.

या काळात ग्लासगोमधल्या ‘द पॉट स्टिल’ या नावाजलेल्या पबात ‘अमृत’ची परीक्षा झाली. बाटली न दाखवता ती जाणकारांना चाखायला दिली. त्यांचा अंदाज होता, की ही स्कॉटलंडच्याच स्पेसाइड भागातली, बरीच वर्षे मुरलेली माल्ट असावी. ती भारतातून आली आहे, हे ऐकल्यावर त्यांचे चेहरे कसे झाले असतील, याची कल्पनाच केलेली बरी! २४ ऑगस्ट २००४ रोजी ग्लासगोमधल्या ‘कॅफे इंडिया’त ‘अमृत’ सिंगल माल्टचे रीतसर पदार्पण झाले.

पण एका चाचणीत पास होणे वेगळे आणि बाजारात खपणे वेगळे. भारतीय उपाहारगृहांत येणारा गोरा गिऱ्हाईक करीबरोबर बिअर मागवी, व्हिस्की नव्हे. पहिली काही वर्षे खडतर गेली. उपाहारगृहांचा नाद सोडून कंपनीला व्हिस्कीच्या खास दुकानांची आणि जाणकारांची वाट धरावी लागली.

चित्र पालटले ते ‘फ्यूजन’मुळे. या व्हिस्कीत चार भागांपैकी तीन भाग भारतीय सातू आणि एक भाग स्कॉटलंडहून आणलेले धुरकट सातू असते. हा धुरकटपणा येतो ‘पीट’मुळे. दलदलीत वर्षानुवर्षे दबलेल्या वनस्पतींचा हा मातकट थर जाळून त्याच्या धुरावर तिथे सातू वाळवतात. समीक्षक जिम मरे यांनी आपल्या २०१०च्या व्हिस्की मार्गदर्शिकेत ‘फ्यूजन’ला शंभरपैकी ९७ गुण दिले आणि जगातल्या उत्तम व्हिस्कींत तिसरे स्थान दिले. मग मात्र देशोदेशींचे दरवाजे उघडले.

आणि मायदेशाचे? ज्या बंगळूरमध्ये ती जन्मली, तिथे ती विक्रीला आली २०१० साली. म्हणजे परदेशातल्या पदार्पणानंतर पाच-सहा वर्षांनी! घरच्या माणसाची किंमत बाहेरच्याने केल्यावर कळते, ही आपली जुनी खोड इथेही दिसली.

पुढे उन्हाच्या वाट्यालाही मानाचे पान मिळाले. आठ वर्षे कंबीपुऱ्याच्या कोठारात टिकलेले माल्ट कंपनीने २०१३ मध्ये बाटल्यांत भरले. उडून उडून उरल्या फक्त १४४ बाटल्या. त्यांना नाव दिले ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे ‘लोभी देवदूत’! जो तोटा लपवायचा, तोच बाटलीवर मिरवला.

दुसरी बाजू

मद्याची गोष्ट सांगताना घराचा उंबरठा विसरून चालत नाही. याच देशात वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे आहेत. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत बायकांनी ‘आडव्या बाटली’ला मत देऊन दुकाने बंद पाडली आहेत. राज्यघटनेचे ४७वे कलमही सरकारला मद्यबंदीची दिशा दाखवते. समुद्रमंथनातून अमृताबरोबर सुराही निघाली होती, हे पुराणकारांनी उगीच सांगितलेले नाही. उत्तम प्रतीची म्हणून व्हिस्की औषध होत नाही. चार हजारांच्या बाटलीतला मद्यार्क यकृताला मळीच्या मद्यार्काइतकाच जड जातो. कौतुक करायचे ते कारागिरीचे आणि चिकाटीचे.

त्या चिकाटीचे शिल्पकार नीळकंठ जगदाळे यांचे ९ मे २०१९ रोजी निधन झाले. धुरा रक्षित यांच्या खांद्यावर आली. तोवर इतरही मैदानात उतरले होते. बंगळूरच्याच जॉन डिस्टिलरीजने गोव्यात कुंकळ्ळी येथे भट्टी उभारून २०१२ मध्ये ‘पॉल जॉन’ माल्ट लंडनला नेली. पाठोपाठ ‘रामपूर’ आणि ‘इंद्री’ आल्या. २०२३ मध्ये देशात विकल्या गेलेल्या सिंगल माल्टमध्ये भारतीय मालाचा वाटा निम्म्याहून अधिक झाला, असा उद्योगसंघटनेचा अंदाज आहे.

खरी कसोटी यापुढेच आहे. आजवर विलायती व्हिस्कीवरच्या १५० टक्के आयात शुल्काची भिंत या उद्योगाच्या पाठीशी होती. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या व्यापार करारात हे शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. स्कॉच स्वस्त झाल्यावरही गिऱ्हाईक देशी माल्ट मागेल का, याचे उत्तर दुकानाच्या फळीवरच मिळेल. फळी मात्र बदलली आहे, हे नक्की. रामपूर हे उत्तर प्रदेशातले शहर, इंद्री हे हरियाणातले गाव. साहेबाच्या नावांच्या रांगेत आता आपल्या गावांची नावे उभी आहेत, आणि त्या रांगेच्या पुढे आहे एक साधा मराठी माणसाच्या ओळखीचा शब्द: अमृत.