आधी भिंत पाहावी

बेसबॉलमध्ये दोन बेसमधले अंतर कुठेही ९० फूटच. मैदानाची कड मात्र प्रत्येक स्टेडियमची निराळी. त्यामुळे अमेरिकेतल्या जुन्या स्टेडियममध्ये गेलात, तर खेळाआधी भिंत पाहावी.

बॉस्टनचे फेनवे पार्क १९१२ मध्ये शहराच्या रस्त्यांमध्ये सापडलेल्या जागेत बसवले गेले. डावीकडे लॅन्सडाउन रस्ता आडवा आला. मैदान तिथेच आखडले. तिथे आज ३७ फूट उंचीची हिरवी भिंत आहे, ‘ग्रीन मॉन्स्टर’. तिच्यातला धावफलक अजून माणसे हाताने बदलतात. समोर उजवीकडे हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची दिसेल. १९४६ मध्ये टेड विल्यम्सने मारलेला ५०२ फुटांचा फटका तिथे पडला होता.

शिकागोच्या रिग्ली फील्डवर भिंतीच्या वेलीत चेंडू अडकला, तर फलंदाजाला दोन बेस मिळतात. प्रेक्षकांत आलेला चेंडू मात्र, क्रिकेटसारखा परत न करता, खुशाल घरी न्यावा.

१९९९ मध्ये फेनवेच्या जागी शेजारी नवे स्टेडियम बांधण्याचा बेत जाहीर झाला होता. तो बारगळला. २००३ मध्ये त्याच भिंतीच्या माथ्यावर खुर्च्या बसल्या. जागेच्या अडचणीतून उभी राहिलेली भिंत पाहायलाच आता लोक येतात.