आधी वाटाणा, मग हरिश्चंद्र

मागच्या व्याख्यानानंतर आष्टीकडचा एक मुलगा भेटला. फिल्म वर्कशॉप करून आलेला. म्हणाला, “सर, भाऊराव कऱ्हाडेंनी ‘ख्वाडा’साठी जमीन विकली. मीही विकू का?”

आता काय सांगावं? मी त्याला फाळक्यांचं सांगितलं. १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले, हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं, कॅमेरा घेऊन परतले. त्यांचं वर्कशॉपच म्हणा ना! पण आल्याआल्या ‘राजा हरिश्चंद्र’ला हात नाही घातला. कुंडीत वाटाणा लावला, रोज थोडं थोडं चित्रण करून रोप वाढतानाची छोटी फिल्म केली, आणि पैसा लावू शकेल अशा माणसाला ती दाखवली. ‘हरिश्चंद्र’ आला १९१३ला. कॅमेरा कुठं लावायचा हे वर्कशॉपमध्ये चार दिवसांत कळतं. पैसेवाल्यासमोर काय ठेवायचं, हे तिथं फारसं कुणी बोलत नाही.

“दहा मिनिटांचं काही केलंयस का?” मी विचारलं.

“आजीवर केलंय सर, ऊसतोडीवरून परतल्यावर. पण आवाज नीट नाही.”

म्हटलं, अरे, ‘ख्वाडा’ला जागेवरच्या ध्वनिमुद्रणासाठीही राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. सातबारा राहू दे कपाटात. आजीकडे परत जा, आवाज नीट घे, आणि तेच घेऊन फिर.