सारसांच्या गावाला जाऊ या: गोंदियातील पक्षी पाहण्याची ठिकाणं

हिवाळ्याच्या सुट्टीत मुलांना कुठे न्यायचं, हा प्रश्न दरवर्षी पडतो. थंड हवेची ठिकाणं तर गर्दीने भरलेली असतात. मग यंदा महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यात जाऊन पाहा. धानाची शेती, जुने तलाव आणि जंगल असं सगळं इथे जवळजवळ आहे. म्हणूनच पक्ष्यांचीही इथे चंगळ आहे.

नवेगावबांध

डोंगरांच्या कुशीतला हा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. थंडीत इथे तलवार बदक, लालसरी, चक्रवाक असे पाहुणे दूर उत्तरेकडून येतात. कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी टुणटुण चालणारा कमळपक्षी मुलांना हमखास आवडतो. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून इथे अनेक वर्षं काढली. त्यांचं 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक जाण्याआधी जरूर वाचा.

नागझिरा

इथे येणारे बहुतेक जण वाघ शोधतात आणि डोक्यावरचे पक्षी बघायचेच राहून जातात. गाडी थांबवून पाच मिनिटं शांत बसा. सर्पगरुड, सुतार, हळद्या आणि पांढरीशुभ्र लांब शेपटी मिरवणारा स्वर्गीय नर्तक इथे दिसतो. आपला राज्यपक्षी हरियालही वडा-पिंपळाची फळं खाताना भेटतो. मात्र त्याचा हिरवा रंग पानांत असा मिसळतो की शोधताना नजरेची परीक्षाच होते.

परसवाडा आणि झिलमिली तलाव

गोंदिया शहरापासून जवळ असलेले हे तलाव सारसांसाठी ओळखले जातात. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सारस जगात सर्वांत उंच. उंची सहा फुटांपर्यंत! राखाडी अंग, लाल डोकं-मान आणि दूरवर घुमणारी जोडीची साद, एकदा अनुभवली की विसरता येत नाही.

हा पाहुणा नाही, घरचाच आहे

बदकं मार्च-एप्रिलपर्यंत परत जातात. सारस मात्र वर्षभर इथेच राहतो आणि पावसाळ्यात चक्क धानाच्या बांधीत घरटं करतो. मादी साधारण दोन अंडी घालते. नर-मादी दोघं मिळून महिनाभर ती उबवतात. घरट्यामुळे थोडं धान जातं, तरीही ते जपणारे शेतकरी इथे आहेत.

पण महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया आणि लगतच्या भागातच उरलाय, तोही मोजकाच. विजेच्या तारा, कीटकनाशकं आणि आक्रसत चाललेल्या पाणथळ जागा त्याच्या जिवावर उठल्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती.

म्हणूनच आपण जाताना जबाबदारीने जायला हवं. घरट्याजवळ जाऊ नका, ड्रोन उडवू नका. शेतात शिरण्याआधी शेतकरीदादांना विचारा. घरट्याचा फोटो काढलाच, तर नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका.

जाण्याआधी लक्षात ठेवा

- कधी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे आणि संध्याकाळी पक्षी जास्त दिसतात.
- कसं: गोंदिया स्टेशन मुंबई-हावडा मार्गावर आहे. नागपूरहून रेल्वेने साधारण १३० किमी.
- सोबत: दुर्बीण, पाणी, टोपी, वही-पेन. कपडे मातकट किंवा हिरव्या रंगाचे.
- बुकिंग: नागझिऱ्याची सफारी आधीच ऑनलाइन बुक करा. पावसाळ्यात जंगल बंद असतं.

परतताना मुलांना विचारा, किती पक्षी ओळखले? आकडा दहा असला तरी पुरे. त्यात एक सारस असेल, तर ट्रिप वसूल!