खाजगी अनुदानित शाळेतील शिक्षकाची अर्हता

धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या गावी १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली, तेव्हा शिक्षकाच्या प्रमाणपत्राचा विचार फारसा कोणी केला नसावा. निजामी राजवटीत मराठी मुलांना त्यांच्या भाषेतून शिकविणारा माणूस मिळणे हेच दुर्मिळ होते. या शाळेचे मुख्याध्यापकपद पुढे व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ, यांनी सांभाळले. आजच्या अनुसूचीच्या कोणत्या रकान्यात त्यांचे नाव लिहावे, हा प्रश्न एखाद्या लिपिकास खचितच पडला असता!

तो काळ सरला. आज जिल्ह्यातील अनेक मुले ज्या खाजगी अनुदानित शाळांत शिकतात, तेथे व्यवस्थापन संस्थेचे असते आणि शिक्षकांचे वेतन शासनाच्या तिजोरीतून होते. अमेरिकेत अशा धर्तीवर चालणाऱ्या चार्टर शाळांना काही राज्यांत शिक्षकांच्या प्रमाणपत्राबाबत सवलत आहे. आपल्याकडे संस्थेला ती मुभा नाही. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम १९७७ साली झाला आणि त्याखालील नियम १९८१ साली आले. त्या नियमांच्या अनुसूचीत प्रत्येक पदाची शैक्षणिक व व्यावसायिक अर्हता घालून देण्यात आली. संस्थाचालकाच्या मर्जीवर होणाऱ्या नेमणुकीस यामुळे पहिला लगाम बसला.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा अधिनियम त्यापुढे गेला. त्याच्या कलम २३ अन्वये किमान अर्हता ठरविण्याचा अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे आला आणि परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी अधिसूचना काढली. पहिली ते पाचवीसाठी बारावी व दोन वर्षांची अध्यापन पदविका, तर सहावी ते आठवीसाठी पदवी व अध्यापनाचे प्रशिक्षण, अशी सर्वसाधारण रचना आहे. केवळ बी.एड. झालेला उमेदवार पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले. या दोहोंच्या जोडीला शिक्षक पात्रता परीक्षा आली. राज्यात ती २०१३ पासून होते. दीडशे गुणांच्या या परीक्षेत साठ टक्के, राखीव प्रवर्गासाठी पंचावन्न टक्के गुण लागतात. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित व परिसर अभ्यास हे पहिल्या पेपरचे विषय होत. विनाअनुदानित शाळाही या अर्हतेतून सुटत नाहीत, याचा पुष्कळांना विसर पडतो.

ही परीक्षा नव्या उमेदवारांपुरती आहे, असा समज दीर्घकाळ होता. १ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने तो दूर केला. पहिली ते आठवीस शिकविणाऱ्या ज्या शिक्षकांच्या सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी आहे, त्यांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी, असा तो आदेश आहे. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना सेवेत राहता येईल, पण परीक्षेवाचून पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपविला आहे.

वीस-पंचवीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या शिक्षकाला हा निर्णय अवघड वाटणे स्वाभाविक आहे. त्याने नेमणुकीच्या वेळची प्रत्येक अट पाळलेली असते. नोकरीवर घर चालते, मुलांची शिक्षणे चालू असतात, आणि पन्नाशीच्या आसपास पुन्हा परीक्षेच्या बाकावर बसावयाचे असते. त्याची तक्रार गैर म्हणता येणार नाही. मात्र परंडा वा भूम तालुक्यातील ज्या खेड्यात दुसरी शाळाच नाही, तेथील तिसरीच्या मुलाला भागाकार समजावून देणारा शिक्षक मिळणे हाही हक्कच आहे आणि त्याच्या बाजूने बोलणारे फार थोडे असतात. प्रस्तुत लेखकाच्या मते परीक्षा टाळण्यात वेळ घालविण्यापेक्षा तयारीस मदत करणे अधिक उपयोगाचे ठरेल. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था तसेच केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदा यांना हे काम हाती घेता येण्याजोगे आहे. सध्याच्या प्रशिक्षणांत हजेरीपत्रकाला जितके महत्त्व मिळते, तितके वर्गातील प्रत्यक्ष पाठाला मिळत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

प्रमाणपत्राची पडताळणी ही दुसरी बाब. २०१९-२० च्या पात्रता परीक्षेत गैरव्यवहार उघडकीस येऊन राज्यभरातील साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. तेव्हा कागदाच्या प्रतीवर विसंबून राहणे मुख्याध्यापकास परवडणारे नाही. अनुदानित शाळेतही शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे बहुसंख्य सदस्य पालक असतात. आपल्या शाळेत किती शिक्षकांना पात्रता परीक्षा द्यावयाची आहे, त्यांच्या रजेच्या दिवशी वर्ग कोण घेणार आणि रिक्त पदाची मागणी संस्थेने पवित्र प्रणालीवर नोंदविली आहे काय, हे तीन प्रश्न समितीने पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावेत. पंचायत सदस्यांनाही ते ग्रामसभेत विचारता येतील.