एक मुलगा, दोन म्युझियम

एलियान गोन्सालेझचे दोन फोटो आहेत. दोन्ही २२ एप्रिल २००० या एकाच दिवशीचे. पहिल्यात हेल्मेट, गॉगल घातलेला बंदूकधारी अधिकारी समोर उभा आहे आणि कपाटात एका माणसाच्या कडेवर सहा वर्षांचा एलियान भेदरून रडतोय. काही तासांनी काढलेल्या दुसऱ्या फोटोत तोच एलियान बाबांजवळ हसतोय. ज्याला जी बाजू मांडायची, त्याने तो फोटो उचलला. पहिल्या फोटोला पुढे पुलित्झरही मिळालं.

एवढं काय झालं होतं?

नोव्हेंबर १९९९. क्यूबातून १४ जण एका छोट्या बोटीतून अमेरिकेला निघाले. त्यात एलियान होता आणि त्याची आई. बोट बुडाली, ११ जण गेले. आईही गेली. फ्लोरिडाजवळच्या समुद्रात दोन जणांना टायरच्या ट्यूबला धरून तरंगणारा हा मुलगा सापडला. सहावा वाढदिवस जेमतेम दहा-बारा दिवसांवर आला होता.

मायामीतल्या चुलत आजोबांनी त्याला घरी नेलं. आई-वडिलांचा घटस्फोट झालेला, पण वडील क्यूबात होते आणि ते म्हणाले, ‘माझा मुलगा मला परत द्या.’ साधी गोष्ट वाटते ना? पण मायामीत कॅस्ट्रोंच्या राजवटीला कंटाळून आलेले लाखो क्यूबन राहतात. त्यांचं म्हणणं, जिथे मुलाला न्यायला आईने जीव दिला, तिथून त्याला मागे कसं पाठवायचं? तिकडे फिडेल कॅस्ट्रोंनी हवानात मोर्चांवर मोर्चे काढले. एका पोराचा ताबा हा दोन देशांच्या इज्जतीचा प्रश्न झाला.

कोर्टात मात्र मुद्दा वेगळाच होता. एलियानच्या नावाने अमेरिकेत आश्रय मागणारा अर्ज नातेवाईकांनी केला होता. मग सवाल आला: सहा वर्षांचं मूल असा अर्ज करू शकतं का? आणि त्याच्या वतीने बोलायचं कुणी? अमेरिकी सरकार म्हणालं, आई नाही, तर वडील बोलतील. नातेवाईक मुलाला सोडेनात, तेव्हा अॅटर्नी जनरल जॅनेट रेनो यांनी पहाटे छापा घालायला लावला. तोच तो पहिला फोटो. १ जूनला अपील कोर्टाने सरकारची भूमिका उचलून धरली, २८ जूनला सुप्रीम कोर्टाने हस्तक्षेप करायला नकार दिला आणि त्याच दिवशी बापलेक घरी गेले.

राजकारण थांबलं नाही. त्याच वर्षी फ्लोरिडात बुश अवघ्या ५३७ मतांनी जिंकले. क्लिंटन सरकारवर चिडलेल्या क्यूबन मतदारांमुळे हे घडलं, असं अनेकांनी म्हटलं. मायामीतल्या त्या घराचं म्युझियम झालं. एलियानच्या कार्देनास गावातही या लढ्याचं म्युझियम उभं राहिलं. मुलगा शाळेत जायच्या वयाचा आणि त्याच्यावर दोन देशांत प्रदर्शनं!

एलियान पुढे इंजिनिअर झाला. २०२३ मध्ये तो क्यूबाच्या संसदेचा सदस्यही झाला. मायामीवाले म्हणतात, बघा, सरकारने त्याला वापरलं. क्यूबावाले म्हणतात, बघा, तो आपलाच. तिशी आली तरी ओढाताण तीच.

निकाल बरोबर होता का? बाप जिवंत असताना, तो चांगला बाप असताना, देश आवडत नाही म्हणून मूल त्याच्यापासून तोडणं मला पटत नाही. पण आईने जिवावर उदार होऊन घेतलेला निर्णयही चुटकीसरशी मोडीत काढता येत नाही. तिची बाजू मांडायला ती उरलीच नव्हती.

हे सगळं फार लांबचं वाटत असेल, तर आपल्याकडे बघा. परदेशात संसार मोडतो, दोघांपैकी एक जण मुलाला घेऊन पुण्याला किंवा नागपूरला येतो. अशा मुलांना आधी राहत्या देशात परत पाठवायचं आणि ताब्याचा निकाल तिथे लावायचा, असं सांगणारा १९८० चा हेग करार आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही. त्यामुळे आपली कोर्टं प्रत्येक केस मुलाचं हित बघून ठरवतात. तिथे फोटोग्राफर नसतात, मोर्चेही नसतात. पण ‘मुलाच्या भल्यासाठी’ असं दोन्हीकडचे वकील म्हणतात, तेव्हा बोलतंय कोण, हे विचारावंच लागतं.