तक्त्यातील आकडे बदलणारा मॅक्रो

तंजावरच्या आसपास, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांत, भातशेताचे माप सांगताना 'मा' हा जुना शब्द अजूनही योजिला जातो. वीस मा म्हणजे एक वेली, आणि एक मा म्हणजे साधारणतः ३३ सेंट, अर्थात ०.३३ एकर. कचेरीला हे माप चालत नाही. कुरुवै वा सांबा हंगामातील दोनशे शेतांची यादी संगणकाच्या तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, मा या मापाने भरली आहे आणि ती एकरांत हवी आहे, असे समजू.

हे काम मॅक्रोवर सोपविता येते. मॅक्रो म्हणजे संगणकाने क्रमाने पाळावयाच्या आज्ञांची यादी होय. तक्त्यातील प्रत्येक घरास पत्ता असतो. 'बी' स्तंभ आणि दुसरी ओळ मिळून 'बी २'. मॅक्रोला सांगावयाचे ते एवढेच : दुसऱ्या ओळीपासून आरंभ कर, 'बी' स्तंभातील आकडा घे, त्यास ०.३३ ने गुण. गुणाकार त्याच घरात ठेव. एक ओळ खाली ये. रिकामे घर लागताच थांब. एक्सेलमध्ये अशा आज्ञा १९९३ पासून व्हिज्युअल बेसिकच्या भाषेत लिहिता येतात.

'त्याच घरात ठेव' या शब्दांत मात्र धोका दडलेला आहे. शेजारच्या घरात सूत्र मांडले असता मूळ आकडा शाबूत राहतो. हा मॅक्रो तो पुसून टाकतो. समोरचा आकडा मा आहे की एकर, हे यंत्रास कळत नाही. नऊ मा शेताचे २.९७ एकर झाले. मॅक्रो चुकून दुसऱ्यांदा चालला की त्याच शेताचे ०.९८ एकर होतात. पुराची भरपाई क्षेत्रावरून ठरत असल्याने ही चूक थेट शेतकऱ्याच्या पदरी येते.

याहून फसवा प्रसंग असा. १२० व्या ओळीत कोणी अंकाऐवजी 'नऊ मा' असे अक्षरांत लिहिलेले असते. अक्षरांचा गुणाकार होत नाही. मॅक्रो तेथेच थांबतो. वरची शेते एकरांत, खालची मा या मापात! लेखनिक ते घर दुरुस्त करून मॅक्रो पुन्हा आरंभापासून चालवितो आणि वरची ११८ शेते दुसऱ्यांदा आक्रसतात. एक्सेलमध्ये मॅक्रोने केलेला बदल 'अनडू'ने मागेही घेता येत नाही.

म्हणून 'बी' स्तंभ केवळ वाचावा आणि उत्तर 'सी' स्तंभात लिहावे. गुणण्यापूर्वी घरात अंकच आहे की नाही, हे मॅक्रोने तपासावे. नसल्यास 'सी'मध्ये 'तपासा' असे लिहून पुढे जावे. असा मॅक्रो दहा वेळा चालविला तरी उत्तर तेच येते, आणि शेतकऱ्याला आपले नऊ मा तक्त्यात जसेच्या तसे दाखविता येतात.