विषाची शिदोरी

युरोपांतील नद्यांत राहणारी वाम ही सर्पाकृति मासळी आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलेली नसेल. कित्येकांच्या घरीं तर मासळीचें नांवही निघत नाहीं. तथापि आपल्याकडील अहीर ही तिचीच चुलतबहीण, आणि तिची हकीकत शाकाहारी मनुष्यासही विचार करावयास लावणारी असल्यामुळें ती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही मासळी वाढते नदींत, पण जन्मते दूर अटलांटिक महासागरांतील सार्गासो समुद्रांत. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांनीं १९०४ पासून, अधिकाधिक लहान पिलें कोठें सांपडतात याचा माग काढीत, १९२२ मध्यें हा शोध प्रसिद्ध केला. नदींत कित्येक वर्षें काढल्यावर तिचें पिवळट अंग रुपेरी होतें, डोळे मोठे होतात आणि ती जन्मस्थानाकडे निघते. त्या क्षणापासून तिचें अन्न सुटतें. पांच-सहा हजार किलोमीटरांची वाट ती केवळ अंगांतील चरबीवर चालते. अंडींही त्याच चरबीवर पोसलीं जातात. शिदोरी एकदांच बांधावयाची. वाटेंत भर पडावयाची नाहीं.

या शिदोरींतच विष कालवलें गेलें आहे. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्यें पूर्वीं पी. सी. बी. नांवाचीं तेलें वापरीत. तीं पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहींत, चरबींत मात्र मुरतात, आणि लवकर नाशही पावत नाहींत. नदीच्या गाळांतून किड्यांत आणि किड्यांतून मासळींत तीं सांठत जातात. नदींत असेतोंपर्यंत हें विष बव्हंशीं चरबींत कोंडलेलें राहतें व मासळी धष्टपुष्ट दिसते. प्रवासांत चरबी खर्ची पडूं लागली, म्हणजे तें रक्तांत उतरतें आणि अंड्यांत जातें. नेदर्लंड्समधील संशोधकांनीं २००६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, डायॉक्सिनसारख्या द्रव्यांचा अंश जितका अधिक, तितका गर्भ लवकर मेलेला आढळला. मातेनें सांठवावें आणि अपत्यानें भोगावें, असा हा वारसा!

१९८६ मध्यें बाझेलजवळ रसायनांच्या कोठारास आग लागून ऱ्हाईन नदी लाल झाली, तेव्हां या मासळीचीं असंख्य कलेवरें वर आलीं व जगभर गाजावाजा झाला. समुद्रांत अंड्यांतच विझणाऱ्या जिवांची बातमी कोण देणार?

१९८० पासून किनाऱ्यास लागणारीं कांचेसारखीं पिलें झपाट्यानें घटलीं. उत्तर समुद्राकडे तीं पूर्वीच्या शेंकडा पांचही उरलीं नाहींत. सारा दोष विषाच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे. धरणें, बेसुमार मासेमारी आणि आशियांतून गेलेला एक परोपजीवी कृमि हींही कारणें आहेतच. युरोपीय संघाच्या २००७ च्या कायद्याप्रमाणें, मनुष्याचा उपद्रव नसता तर जितकी रुपेरी मासळी समुद्रास गेली असती तिच्या निदान शेंकडा ४० तरी जावी. आमच्या मतें या हिशेबांत एक उणीव आहे: किती निघाल्या तें मोजलें जातें, शिदोरी कशी आहे तें नाहीं. २०११ मध्यें नेदर्लंड्सनें दूषित मोठ्या नद्यांत ही मासळी धरण्यास बंदी केली, ती खाणाऱ्यांच्या आरोग्यासाठीं. त्या नद्यांतून सुटलेली मासळी तेंच विष घेऊन सार्गासोकडे निघते.